पोरगा सतराचा, गाडी सासऱ्यांच्या नावावर, विमा संपलेला. चावी देऊ की नको?

अंगणवाडीची_ताई

राम राम. मी यवतमाळ जिल्ह्यातली, दारव्ह्याच्या बाजूच्या एका लहान गावातली. अंगणवाडीत मदतनीस आहे. प्रश्न मुलाचा आहे, पण त्याआधी घरची गोष्ट सांगावी लागेल. नाहीतर मी एवढी काहून घाबरते ते कळणार नाही.

मुलगा बारावीत. मार्चमध्ये अठरा पूर्ण होतील. त्याची शिकवणी सकाळी सातला, तालुक्याच्या गावी, आमच्यापासून १४ किलोमीटर. आमच्या फाट्यावर पहिली बस पावणेनऊला येते. घरात एकच गाडी, २०११ ची स्प्लेंडर, ती सासऱ्यांच्या नावावर. सासरे जाऊन चार वर्षं झाली, कागद तसेच आहेत. विमा कधी संपला ते मला परवा कळलं, ट्रंकेत जुनी पॉलिसी सापडली तेव्हा.

दिवाळीनंतर पोरगा गाडी न्यायला लागला. आधी एकटा जायचा, मग गावातले अजून दोघं बसायला लागले. एका गाडीवर तिघं आणि तीन बॅगा. मी चुलीपाशी भाकरी थापत असते, गाडीचा आवाज फाट्यापर्यंत ऐकू येतो, मग बंद होतो. साडेदहाला परत ऐकू येईपर्यंत माझं कामात लक्ष नसते.

गाडी त्यानं 'हलकी' केली आहे. दोन्ही आरसे काढले, "आई, आरशानं गाडी शिंगाच्या बैलासारखी दिसते" म्हणते. मागच्या चाकाची साडीगार्ड काढून गोठ्यात टाकली. आणि त्याच गाडीवर मी लुगडं नेसून एका बाजूनं बसते, महिन्याच्या मीटिंगला जाते.

आता धाकट्या दिराची गोष्ट. दोन वर्षांपूर्वी जानेवारीत, संक्रांतीच्या आधीचा बाजार करून तो संध्याकाळी सातच्या सुमाराला घरी येत होता. अंधार पडला होता. गावापासून दोन किलोमीटरवर पऱ्हाटीनं, म्हणजे कापसाच्या वाळलेल्या झाडांनी, भरलेली ट्रॉली पंक्चर होऊन रस्त्यावरच उभी होती. मागे लाल दिवा नाही, रेडियम नाही, चाकामागे दोन दगड तेवढे लावलेले. पऱ्हाटीचा रंग आणि अंधाराचा रंग एकच. समोरून कोणाची तरी गाडी आली, उजेड डोळ्यावर पडला आणि हा सरळ ट्रॉलीत गेला.

हेल्मेट होतं त्याच्याजवळ. हाताच्या कोपरात अडकवलेलं. त्यात बाजारातून घेतलेला सांबार (कोथिंबीर), हिरव्या मिरच्या आणि पावशेर तीळ ठेवले होते, पिशवी विसरला म्हणून. लोकांनी त्याला उचलून नेलं तेव्हा ते हेल्मेट कोणीतरी आमच्या ओट्यावर आणून ठेवलं. त्याला ओरखडा नव्हता. सांबार हिरवागार होता.

दीर वाचला. आज तो मला वहिनी म्हणून ओळखतो, पण स्वतःच्या मुलीचं नाव विसरतो. सहा वर्षांची आहे ती. नाव विचारलं की त्याच्या तोंडाकडे पाहत बसते. पऱ्हाटी उपटायचं काम दिलं तर करतो, पण कोणती ओळ झाली अन् कोणती राहिली ते सांगावं लागते. दीड एकर गेलं दवाखान्यात. विम्याचं विचारायला गेलो तर म्हणे गाडी ज्याच्या नावावर आहे त्याला मिळते, अन् तो तर मेलेला.

ही तीच गाडी. पुढचं चाक आणि चिमटा बदलून परत आणली, कारण दुसरी घ्यायची ऐपत नाही. आणि आता माझा पोरगा तीच घेऊन जाते.

मला हे विचारायचं आहे. एक, सतराव्या वर्षी कोणत्याही मार्गानं लायसन मिळते का? दोन, पकडला तर कोणावर येते, त्याच्यावर की आमच्यावर? तीन, मेलेल्या माणसाच्या नावावरची गाडी आमच्या नावावर कशी करायची? चार, अंगणवाडीत बाया दोन-दोन वर्षांची लेकरं टाकीवर बसवून आणतात, त्यांना मी काय सांगू? हे चौथं माझ्या कामाचं आहे, पण विचारून घेते.

मालक, म्हणजे माझे यजमान, म्हणतात, "गावात कोण पाहते, तीन महिन्यांचाच प्रश्न आहे." मला पोलिसाची भीती नाही. त्या रस्त्याची आहे.

निवृत्त_हवालदार_विदर्भ

ताई, मी वाहतूक शाखेत होतो, आता घरी आहे. तुमचे प्रश्न सोडवतो, पण दुसऱ्यापासून सुरुवात करतो. तो तुमच्या घराला सगळ्यात जड आहे.

मोटार वाहन कायदा १९८८ चा आहे, त्यात २०१९ ला मोठा बदल झाला. तेव्हा १९९अ हे कलम आलं. अठराच्या आतल्या मुलानं गाडी चालवून गुन्हा केला तर दोषी धरतात पालकाला किंवा गाडीच्या मालकाला. तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड. गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द. आणि ज्या मुलाचं लायसन तीन महिन्यांनी निघणार होतं, त्याला वयाच्या २५ पर्यंत लायसन मिळत नाही. हे शेवटचं मुलाला एकदा शांतपणे वाचून दाखवा. दंडाचं पोरांना काही वाटत नाही, बापाच्या खिशातून जातो. पण पंचवीस वर्षांपर्यंत गाडी नाही म्हटलं की ऐकतात, हे मी नोकरीत पाहिलं.

"आम्हाला माहीत नव्हतं" किंवा "आम्ही रोखायचा पूर्ण प्रयत्न केला" हे पालकानं सिद्ध केलं तर सुटका आहे. तुम्ही रोज भाकरी थापताना तो आवाज ऐकता, आणि तुमचे मालक म्हणतात कोण पाहते. तुम्हीच सांगा, न्यायाधीशासमोर काय सिद्ध कराल.

पहिला प्रश्न. सोळा पूर्ण झालेल्याला ५० सीसीपर्यंतच्या विनागिअर गाडीचं लायसन मिळू शकते, पालकाच्या संमतीनं. स्प्लेंडर त्यात बसत नाही, तिच्यासाठी अठराच पाहिजे. २५० वॅटपर्यंतची आणि ताशी २५ किलोमीटरच्या पुढे न जाणारी बॅटरीची गाडी नोंदणी आणि लायसनशिवाय चालवता येते. पण घेताना नीट तपासा. काही ठिकाणी जास्त वेगाच्या गाड्या 'लायसन लागत नाही' म्हणून गळ्यात मारतात. आणि अशी हळू गाडी मोठ्या रस्त्यावर ट्रकांच्या मधे नेणं मला स्वतःला पटत नाही.

एका गाडीवर चालक आणि अजून एक, याच्या वर कायद्यात बसत नाही. तिघं म्हणजे कलम १२८ चा भंग, १,००० रुपये आणि लायसन तीन महिने निलंबित. हेल्मेट नसेल तरी कायद्यात तेच, १,००० आणि तीन महिने. लायसनशिवाय चालवणं ५,०००, आणि लायसन नसलेल्याच्या हातात गाडी देणाऱ्याला वेगळे ५,०००. विमा नसेल तर पहिल्या वेळी २,००० रुपये किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, पुढच्या वेळी ४,०००.

आता कागद. मालक वारला की वारसानं ३० दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांत आपल्या नावावर करून घ्यायचं, असा नियम आहे. अर्ज फॉर्म ३१. मृत्यूचा दाखला, आरसी म्हणजे गाडीच्या नोंदणीचा कागद, वारसाचा पुरावा, बाकी वारसांची ना-हरकत आणि चालू विमा लागेल. उशीर झाला म्हणून घाबरू नका, दंड भरून होते. आरसीवर संपण्याची तारीखही पाहा. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, २०११ च्या गाडीला नूतनीकरण करावं लागेल. आणि १ एप्रिल २०१९ च्या आधीची असल्यामुळे उच्च सुरक्षा नंबरप्लेटही लागते, दुचाकीला ४५० रुपये अधिक जीएसटी.

तुमच्या दिराला विम्याचं काहून मिळालं नाही ते सांगतो. विम्यात मालक-चालकाला १५ लाखांचं अपघात संरक्षण असते. ते फक्त नोंदणीत ज्याचं नाव आहे त्याला, तोच गाडी चालवत असेल तर, आणि त्याचं लायसन चालू असेल तर. बापाच्या नावावरच्या गाडीवर मुलगा पडला तर त्यातून काही मिळत नाही. आपल्याकडे निम्म्या गाड्या अशा आहेत. कोणी मेव्हण्याकडून घेतली, कोणी बाजारातून घेतली, नाव जुन्याचंच. विकणाऱ्यालाही सांगतो, ज्याचं नाव नोंदणीत आहे तोच कायद्यात मालक. गाडी विकून पैसे खाल्ले, पण समोरच्यानं उद्या कोणाला उडवलं तर नोटीस तुमच्या घरी येईल. विकणाऱ्यानं १४ दिवसांत आणि घेणाऱ्यानं ३० दिवसांत कळवायचं असते.

मात्र ट्रॉलीवाल्याविरुद्ध दावा करता आला असता, तो वेगळा विषय आहे. त्यासाठी मोटार अपघात दावा न्यायाधिकरण आहे. १ एप्रिल २०२२ पासून मुदत अपघातानंतर सहा महिने. तुमची मुदत गेली दिसते, पण ते तुम्ही किंवा मी ठरवू नये. जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरण आहे, तिथे महिलांना वकील फुकट मिळतो. कागद घेऊन एकदा जाऊन या.

कापूस_आणि_तूर

ताई, दिराबद्दल वाईट वाटलं. पण एक गोष्ट मला बोलू द्या, राग मानू नका.

शेतात जायला दोन किलोमीटर, मे महिन्यात ४५ डिग्री, डोक्यावर ते मडकं कोण घालते? घाम डोळ्यात उतरते, समोरचं दिसत नाही. मी दुपट्टा बांधतो, माझा बाप दुपट्टा बांधत होता. दंड करायला सगळे येतात, पण रस्त्यात गुडघ्याएवढा खड्डा आहे तो बुजवायला कोणी येत नाही. रोही (नीलगाय) रात्री आडवा येते, रानडुक्कर येते, त्याचा दंड कोणाला? आणि माझीही ट्रॉली आहे. पंक्चर झाली तर मी ती खांद्यावर नेऊ का?

गॅरेज_फाट्यावरचं

भाऊ, खड्ड्याचं बरोबर हाय. पण माह्या गॅरेजात गाड्या येतात ना, त्यातल्या निम्म्या खड्ड्यानं नाई पडत, ब्रेकनं पडतात. ताईच्या पोराच्या गाडीचं मी ऐकूनच सांगतो, मागचं टायर गोटा झालं असन आन पुढचा ब्रेक सैल करून ठेवला असन. पोट्टे पुढचा ब्रेक वापरतच नाई. त्याईले वाटते पुढचा दाबला का गाडी उलटते. थे सायकलवरून शिकलेले रायतात. सरळ कोरड्या रस्त्यावर गाडी थांबवायचं जास्त काम पुढचाच ब्रेक करते, काहून का दाबला का सगळं वजन पुढं येते अन् पुढचं चाक रस्त्याले घट्ट धरते. मागचा नुसता दाबला का चाक घासत जाते, गाडी थांबत नाई. दोन्ही संगं दाबाचे, झटका नाई द्याचा, आवळत न्याचं. फक्त मुरूम, गिट्टी, ओला चिखल असन तं पुढचा हळू.

म्हणूनच १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्याईले एबीएस, म्हणजे ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारं, सक्तीचं केलं, त्याच्या खालच्याईले निदान सीबीएस, म्हणजे एक ब्रेक दाबला का दोन्ही चाकं धरतात. ताईची गाडी २०११ ची, तिच्यात दोन्ही नाई. तिथं शिकलेला हातच पायजे.

आता हिशोब पाहा. साठच्या वेगात गाडी एका सेकंदाले जवळपास १७ मीटर जाते. अंधारात ट्रॉली दिसली, पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद तं गेलाच, म्हणजे १७ मीटर गेले आन ब्रेक अजून लागलाच नाई. समोरून उजेड आला तं एवढं दिसतच नाई. म्हणून मी रात्री चाळीसच्या वर जात नाई. समोरच्याचा लाईट डोळ्यावर आला का डाव्या कडेची पांढरी पट्टी पाहाची, लाईटकडं पाहाचं नाई.

ताई, साडीगार्ड गोठ्यातून काढा, मी बसवून देतो, त्याचे पैसे घेणार नाई. नियमातच हाय थे, मागच्याले धराले हँडल, पाय ठेवाले जागा, आन मागचं चाक निदान अर्धं झाकलेलं. पदर चाकात गेला का गाडी नाई थांबत, बाई खाली येते. आरसेबी लावा. उजव्या आरशात मागून ट्रक दिसला का माणूस आपोआप बाजूला घेते.

हेल्मेट घेतांना रस्त्यावरचं दोनशेवालं घेऊ नका. थे नुसतं प्लास्टिक असते. आतून थर्माकोलसारखा जाड थर पायजे, मार थो थर खाते. आयएसआय मार्काच्या खाली सीएम/एल आन पुढं नंबर असते, थो बीआयएस केअर ॲपवर टाकून पाहा, कंपनीचं नाव आलं तं खरं. जून २०२१ पासून आयएसआय नसलेलं दुचाकीचं हेल्मेट विकनंच बंद हाय, तरी बाजारात भेटते. पट्टा लावल्यावर हनुवटीखाली दोन बोटं जाईन इतकाच ढिला. एकदा जोरात आपटलं का बाहेरून चांगलं दिसलं तरी फेकून द्या, आतला थर दबलेला रायते.

दुपट्ट्याचं सांगतो, मीबी बांधतो. पन पातळ सुती, एक घडी, गाठ मागं नाई. मागं जाड गाठ असली का हेल्मेट वर उचललं जाते, आन थे डोक्यावर असून नसल्यासारखं.

सिस्टर_ग्रामीण

मी एका ग्रामीण रुग्णालयात परिचारिका आहे. अंगणवाडीच्या ताईंच्या चौथ्या प्रश्नासाठी लिहिते, आणि मागे बसणाऱ्या बायांसाठी.

ताई, तुम्ही बायांना हे सांगा. चार वर्षांवरच्या प्रत्येकाला हेल्मेट कायद्यानं लागते, मागे बसणाऱ्यालाही. तुमच्या दिराची सहा वर्षांची मुलगी त्यात आली. नऊ महिने ते चार वर्षांच्या लेकरासाठी १५ फेब्रुवारी २०२३ पासून वेगळा नियम आहे. लेकराला चालकाच्या अंगाशी बांधून ठेवणारा पट्टा, डोक्याला बसणारं हेल्मेट, आणि गाडी ताशी ४० च्या वर नाही. टाकीवर बसवलेलं लेकरू धक्का बसला की आधी हँडलवर आपटते, आणि बापाच्या अंगाचा भार त्याच्यावर येतो. लसीकरणाच्या दिवशी सगळ्या बाया एका जागी असतात, तेव्हा सांगा. चार जणींनी जरी ऐकलं तरी चालेल.

मागे बसणाऱ्यांची गणना कोणी करत नाही असं लोकांना वाटते. केंद्र सरकारच्या रस्ते अपघात अहवालात २०२२ साली देशात हेल्मेट नसलेले ५०,०२९ जण मेले असं लिहिलं आहे. त्यातले १४,३३७ मागे बसलेले होते. आमच्याकडे मागे बसलेल्या येतात त्या बहुतेक बाया असतात. गतिरोधकावर उडाल्या, धरायला काही नव्हतं, डोक्याच्या मागच्या बाजूवर पडल्या. गाडी चालवणारा खरचटून उभा असतो. एका बाजूनं बसलं की तोल एकाच हातावर असतो. जमेल तिथे दोन्हीकडे पाय टाकून बसा, पंजाबी ड्रेस घातला तर कोणी काही बोलत नाही आता.

अपघात दिसला तर १०८ लावा. थांबा. मदत करणाऱ्याला पोलीस आता अडकवू शकत नाहीत. कायद्यात १३४अ कलम आहे, नाव-पत्ता सांगायची सक्ती करता येत नाही. पडलेल्याचं हेल्मेट ओढून काढू नका, मानेचा मणका सरकतो. काच वर करा, श्वास पाहा. श्वास चालू असेल तर डोकं आणि मान सरळ धरून ठेवा आणि गाडीची वाट पाहा. तोंडात पाणी ओतू नका, आपल्याकडे ही सवय फार आहे. बेशुद्ध माणसाचं पाणी फुफ्फुसात जाते.

मे २०२५ पासून केंद्राची योजना आहे, अपघातातल्या जखमीला ठरलेल्या दवाखान्यात सात दिवसांपर्यंत दीड लाखाचे उपचार पैसे न भरता. दाखल करतानाच "रस्ते अपघाताची कॅशलेस योजना" हे शब्द वापरून विचारा, कारण नातेवाईक आधी शेत विकायला धावतात.

अंगणवाडीची_ताई

सगळ्यांचे आभार. काल रात्री मी हवालदार काकांचं लिहिलेलं मालकांना आणि पोराला वाचून दाखवलं. पंचवीस वर्षांचं ऐकून पोरगा काही बोलला नाही. मालक म्हणाले, "तीन वर्षं कैद म्हणजे मीच ना?" मी म्हटलं, "नाव सासऱ्यांचं आहे, पण पालक तुम्ही आणि मी."

कापूस_आणि_तूर भाऊ, राग नाही. तुम्ही म्हणता ते खड्ड्याचं, रोह्याचं खरं आहे. माझ्या दिराचा अपघातसुद्धा घरापासून दोन किलोमीटरवरच झाला. तुमचं शेत जेवढ्या लांब आहे तेवढ्याच लांब. त्या दिवशी तो म्हणाला होता, "वहिनी, एवढ्याशा रस्त्याला काय घालायचं." ट्रॉली खांद्यावर नेता येत नाही, मला कळते. पण मागे रेडियमची पट्टी लावायला फार पैसे लागत नाहीत, आणि त्या रात्री ट्रॉलीला ती पट्टी असती तर आमच्या घरातला एक माणूस शाबूत राहिला असता. तुमच्या ट्रॉलीला आहे का? भांडायला विचारत नाही, खरंच विचारते.

कापूस_आणि_तूर

नाही, ताई. होती, घासून गेली. उद्या लावतो. दोन्ही बाजूंनाही लावतो, वळताना आडवी होते तेव्हा बाजू दिसत नाही.

हेल्मेटचं अजून माझं मन मानत नाही, ते मी खोटं बोलणार नाही. पण मागे बायको असली की तिला घालायला लावीन. मुलगी नागपूरला शिकते, तिच्या गाडीवर मी मागे बसतो तेव्हा ती मला घालायला लावते. तिथे घालतोच.

खड्ड्याचं मात्र सोडणार नाही. त्याला काही कायदा आहे का, हवालदार काका?

निवृत्त_हवालदार_विदर्भ

आहे, भाऊ. त्याच २०१९ च्या बदलात कलम १९८अ आलं. रस्ता बांधणाऱ्यानं किंवा त्याची देखभाल ज्याच्याकडे आहे त्यानं ठरलेले निकष पाळले नाहीत आणि त्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आलं तर त्याला एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. पण त्यासाठी कागदावर काहीतरी असावं लागते. खड्ड्याचा फोटो, तारीख, किलोमीटरच्या दगडाचा आकडा दिसेल असा, आणि ग्रामपंचायतीच्या लेटरहेडवर लेखी अर्ज, त्याची पोच. तोंडी तक्रारीचं काही उरत नाही. अपघात झाला तर पंचनाम्यात खड्डा लिहायला लावा, मोजमापासहित. आमच्याच लोकांकडून ते बऱ्याचदा राहून जाते.

अजून एक, ताई, विसरलो होतो. विमा काढाल तेव्हा नुसता थर्ड पार्टी काढू नका. त्यात समोरच्याचं नुकसान भरून निघते, पण तुमच्याच गाडीवर मागे बसलेल्याला त्यातून मिळत नाही. मागे तुम्ही बसता. पॅकेज पॉलिसी घ्या, किंवा मागे बसणाऱ्याचं संरक्षण वेगळं लिहून घ्या, आणि एजंटला ती ओळ बोट ठेवून दाखवायला सांगा.

अंगणवाडीची_ताई

तीन आठवड्यांनी लिहिते.

चावी माझ्याकडे आहे, तांदळाच्या डब्यात. पोरगा पहिले चार दिवस माझ्याशी बोलला नाही. एक दिवस शिकवणी बुडाली, त्या दिवशी मलाच वाटलं की आपण चूक केली. मग त्या दोन पोरांच्या आयांना जाऊन भेटले. एकीला तर माहीतच नव्हतं की तिचा मुलगा तिसरा बसून जातो. तिला वाटत होतं तो शेजाऱ्याच्या गाडीवर जातो.

आम्ही तिघींनी मिळून शिकवणीच्या सरांना विचारलं. आमच्या तीन पोरांसारखीच बाजूच्या गावांतली अजून आठ पोरं सकाळी तशीच गाड्यांवर येतात असं निघालं. सर त्यांची बॅच साडेनऊला घ्यायला तयार झाले. पावणेनऊच्या बसनं जमते. पासाला मुलांना ६६.६७ टक्के सवलत आहे. शाळेच्या मुलींना सरकारच्या मानव विकास कार्यक्रमाची निळी बस आहे, ती आमच्या फाट्यावरून जाते हे मला इतकी वर्षं माहीत असून मुलांचं कधी डोक्यात आलं नाही. सकाळची एक फेरी लवकर मिळावी म्हणून सरपंचांच्या सहीचा अर्ज केला आहे, त्यावर २२ पालकांच्या सह्या झाल्या. सोमवारी तो घेऊन आगारात जायचं आहे.

फॉर्म ३१ भरला. नणंदेची सही राहिली होती, ती दिग्रसला असते, परवा जाऊन आणली. गाडी मालकांच्या नावावर होईल. त्यांचं लायसन चालू आहे, ते मी आधी तपासलं. विमा पॅकेज काढला, एजंटला ती ओळ दाखवायला लावली. नव्हती. पॉलिसी परत करून दुसरी घेतली.

गॅरेजवाल्या दादांनी साडीगार्ड बसवली, खरंच पैसे घेतले नाहीत. मागचं टायर त्यांनी सांगितलं तसंच गोटा झालं होतं. ते बदललं, पुढच्या ब्रेकचे लायनर टाकले. आरसे लावले तेव्हा पोरगा जवळ उभा होता, पाना त्यानंच धरला.

दोन हेल्मेट घेतले, नंबर ॲपवर टाकून. एक मालकांचं, एक माझं. मुलाचं मार्चमध्ये. दिराच्या मुलीसाठी लहान मापाचं इथे मिळालं नाही, यवतमाळला पाहावं लागेल. कोणाला तिथलं दुकान माहीत असेल, जिथे सहा वर्षांच्या पोरीच्या डोक्याला बसेल असं आयएसआयचं मिळते, तर सांगा. डोक्याचा घेर सुतळीनं मोजून ठेवला आहे, ५१ सेंटिमीटर.